तुझ्या घरात काय आहे?

शास्त्रभाग : २ राजे ४:१-७

गेल्या नाताळानंतर चंदीगडहून एका मराठी भगिनीचे पत्र आले. पतीच्या बदलीमुळे हे कुटुंब तेथील सेक्टर ३४ मध्ये राहते. रुंद रस्ते, कचेऱ्या, प्रदर्शनांचे मैदान, गुरुद्वारा आणि स्पर्धा परीक्षांचे शिकवणीवर्ग यांनी गजबजलेला हा भाग आहे. पंजाब, हरयाणा व हिमाचलच्या गावांतून मुली तेथे शिकावयास येतात. त्याच रस्त्यांनी रोज सकाळी शहराच्या कडेच्या वसाहतींतून स्त्रिया धुणीभांडी व स्वयंपाक करावयासही येतात.

ह्या भगिनीच्या प्रार्थनागटातील चार-पाच कुटुंबे दर नाताळात अशा कामकरी स्त्रियांना एकेक ब्लँकेट व साडी देतात. पत्रात पुढे असे लिहिले होते की, त्यांपैकी एका बाईने आठवड्याच्या आतच नवे ब्लँकेट विकून टाकले आणि त्या पैशांत मुलीच्या परीक्षेचे शुल्क भरले. उत्तरेकडील जानेवारीची थंडी आपणांस ठाऊकच आहे. "गटातील काहींना फार राग आला. आम्ही प्रेमाने दिलेल्या वस्तूची तिने किंमत ठेवली नाही, असे त्यांना वाटते. पुढच्या वर्षी तिचे नाव यादीतून काढावे काय?" असा त्यांचा प्रश्न होता.

मी लगेच उत्तर लिहू शकले नाही, कारण मला माझीच एक चूक आठवली. पुष्कळ वर्षांपूर्वी मी एका मंडळीच्या समाजकार्य समितीत होते. जवळच्या एका गावातील विधवा व परित्यक्ता स्त्रियांना आम्ही आठ शिलाई मशिने दिली. पाळकांनी प्रार्थना केली, छायाचित्रे निघाली, अहवाल छापला गेला. वर्षभराने मी त्या गावी गेले, तेव्हा सहा मशिनांवर जुनी चादर घातलेली होती आणि त्यांवर घरातील डबे मांडलेले होते. गावात कपडे शिवून घेणारे लोक थोडे, आणि त्यांच्यासाठी एक शिंपी पूर्वीपासून होताच. एक बाई मला संकोचाने म्हणाली, "बाई, मला शेळ्या पाळता येतात. पण कुणी इचारलंच न्हाई."

कुणी विचारलेच नाही! त्या एका वाक्यामुळे मी पवित्र शास्त्रातील एक लहानसा उतारा नव्याने वाचू लागले. आज आपण तोच उतारा एकत्र अभ्यासू या. शास्त्र उघडून समोर ठेवावे, ही विनंती.

१. एका विधवेचा आक्रोश (वचन १)

संदेष्ट्यांच्या शिष्यमंडळातील एकाचा मृत्यू झाला आहे. तो देवाचे भय बाळगणारा होता, अशी साक्ष त्याची पत्नी देते. मागे उरले ते कर्ज, आणि सावकार तिच्या दोन्ही मुलांना दास करून नेण्यासाठी येऊन ठेपला आहे.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली ही की, हे दारिद्र्य आळसातून किंवा व्यसनातून आलेले नाही. घरात भक्ती होती, तरी भाकर नव्हती. गरिबाला पाहताच त्याच्या हातून काय चुकले असेल याचा शोध घेण्याची आपली सवय हा उतारा मोडून काढतो. दुसरी ही की, कर्ज बापाचे आणि किंमत मुलांची. आजही घरावर संकट आले की पहिला बळी लेकरांचा पडतो, आणि लेकरांतही मुलीचा आधी. तिची शाळा सुटते, धाकट्या भावंडांना सांभाळण्याचे काम तिच्याकडे येते, किंवा एक तोंड कमी व्हावे म्हणून कोवळ्या वयात तिचे लग्न उरकले जाते. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत हे आपण आपल्या महाराष्ट्रातच पाहतो.

२. अलीशाचे दोन प्रश्न (वचन २)

अलीशा प्रथम विचारतो की, मी तुझ्यासाठी काय करावे? हा प्रश्न आपणही विचारतो. परंतु तो तेथे थांबत नाही. तिच्या घरात काय आहे, हेही तो विचारतो.

ज्याच्या घरी काहीच नाही असे आपण गृहीत धरतो, त्याला हा प्रश्न विचारणे विचित्र वाटते. तीही प्रथम नाही म्हणते, मग सांगते की तेलाची एक कुपी तेवढी आहे. अलीशा त्या कुपीला हसत नाही. तिच्यापासूनच तो आरंभ करतो.

आपल्या अनेक उपक्रमांत पहिला प्रश्न असतो, दुसरा नसतो. काही वेळा पहिलाही नसतो. आपणच ठरवतो, आपणच विकत घेतो, आपणच वाटतो. घेणाऱ्या स्त्रीने केवळ रांगेत उभे राहावयाचे. शेळ्या पाळण्याचे ज्ञान, लोणच्याचा हात, दाईपणाचा अनुभव, पै-पैचा हिशेब ठेवण्याची बुद्धी ही तिच्या घरातील तेलाची कुपी होय. ती विचारल्यावाचून दिसत नाही.

३. शेजाऱ्यांची भांडी आणि लावलेले दार (वचने ३-६)

मग अलीशा तिला शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आणावयास सांगतो, तीही थोडी नव्हेत. येथे शेजाऱ्यांचा वाटा आहे. सारे गाव श्रीमंत नसेल, पण रिकामे भांडे प्रत्येक घरी असतेच. तिच्या सुटकेत शेजारीपाजारीही सहभागी होतात, आणि भांडे परत द्यावयाचे असल्यामुळे ती भिकारीण ठरत नाही.

त्यानंतर आत जाऊन दार लावून घे, असे तो सांगतो. ह्या दाराविषयी मी पुष्कळ विचार केला आहे. चमत्कार घडतो तेव्हा संदेष्टा तेथे नाही. लोकांची गर्दी नाही. मुलगे भांडी देतात आणि ती ओतते, तेल तिच्याच हातांतून वाहते. तिच्या गरजेचे प्रदर्शन कोणी मांडत नाही. आमच्या आठ मशिनांच्या छायाचित्रांची मला ह्या वचनापाशी लाज वाटते.

४. चार क्रियापदे (वचन ७)

भांडी भरल्यावर ती येऊन देवाच्या माणसाला सांगते. तो उत्तर देतो त्यात चार गोष्टी आहेत : जाणे, तेल विकणे, कर्ज फेडणे, आणि उरलेल्यावर मुलांसह जगणे.

भाषांतराचे काम करणाऱ्यांना येथे एक अडचण भासते. मराठीत 'जा', 'वीक', 'फेड' ही आज्ञार्थी रूपे पुरुषाला व स्त्रीला सारखीच असतात. इब्री भाषेत तसे नाही. तेथे 'लखी', 'मिख्री', 'शल्लमी' ही रूपे ऐकताच कळते की आज्ञा एका स्त्रीला दिलेली आहे. जगण्याचे क्रियापदही स्त्रीलिंगी एकवचनी आहे, मुलांचा उल्लेख असूनही. बाजारात जाणारी ती, विकणारी ती, सावकारासमोर उभी राहून देणे चुकते करणारी ती, आणि घर चालवणारीही तीच. पैसा मुलांच्या हाती द्यावा किंवा व्यवहार एखाद्या दिराने करावा, असे अलीशा म्हणत नाही. मराठी वाचकाला हे स्त्रीलिंग दिसत नाही. म्हणून ते आज मुद्दाम दाखवीत आहे.

तो तिच्याकडून काही वचनही घेत नाही. विकलेल्या तेलाचा हिशेब मागत नाही, की पुढच्या वर्षी पुन्हा येण्यास सांगत नाही. त्याची मदत संपते ती तिचे पोषण तिच्या हाती आल्यावर.

५. 'सद्गुणी स्त्री' कोण?

ह्याच अनुषंगाने एका शब्दाकडे वळू या. नीतिसूत्रे ३१:१० मधील स्त्रीला आपल्या परिचित भाषांतरात 'सद्गुणी' म्हटले आहे. हा शब्द ऐकताच शालीन, सोशीक, मितभाषी अशी स्त्री डोळ्यांपुढे येते. मूळ इब्री शब्द आहे 'हायिल'. त्याचा अर्थ बळ, सामर्थ्य, कर्तबगारी असा होतो. सैन्याला व संपत्तीलाही तोच शब्द लागतो. शास्ते ६:१२ मध्ये देवदूत गिदोनाला ज्या नावाने हाक मारतो त्यात तो आहे. रूथ २:१ मध्ये बवाजाच्या वर्णनात तो आहे. आणि रूथ ३:११ मध्ये बवाज तोच शब्द रूथसाठी वापरतो, जी मवाबातून आलेली परकी, विधवा आणि शेतात सरवा वेचणारी होती.

गरीब स्त्रीला 'सक्षम करणे' ही आधुनिक काळाची, बाहेरून आलेली कल्पना आहे असे काहींना वाटते. परंतु शास्त्राने सरवा वेचणाऱ्या विधवेला आधीच सामर्थ्यवान म्हटले आहे. सामर्थ्य तिच्या ठायी होते. लेवीय १९:९-१० मधील नियमाने शेताचा कोपरा तिच्यासाठी मोकळा ठेवला, म्हणून ते प्रकट झाले. जो शेतमालक कोपरासुद्धा कापून नेतो, तो तिचे बळ दाबून टाकतो.

नीतिसूत्रे ३१ मधील स्त्री शेत पारखून विकत घेते, द्राक्षमळा लावते, व्यापार करते आणि गरिबांपुढे हात पसरून देते. अध्यायाच्या शेवटी काय सांगितले आहे, तेही पाहावे. तिच्या हातांचे फळ तिला दिले जावे, असा तेथे आदेश आहे. हा अध्याय मातृदिनी मंडळ्यांत वाचला जातो. परंतु तिची मजुरी तिच्याच हाती पडते की नाही, हे त्या दिवशी कोण विचारतो?

६. केडगावचा धडा

आपल्या मराठी मातीत हा उतारा जगून दाखवणारी एक स्त्री होऊन गेली. पंडिता रमाबाईंचे (१८५८-१९२२) चरित्र आपण जाणता. दुष्काळात आईवडील गमावलेली, १८८२ मध्ये विधवा झालेली, कडेवर लहानगी मनोरमा असलेली ही विदुषी. त्याच वर्षी हंटर आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी स्त्रियांसाठी स्त्री-शिक्षिका व स्त्री-डॉक्टर हव्यात, अशी मागणी केली. गरजू स्त्रियांना स्वतःच्या पायांवर उभे करावयाचे, तर स्त्रियांच्याच हाती विद्या गेली पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पुढच्याच वर्षी ते पुण्यास हलवण्यात आले. अमेरिकेतील मित्रांनी त्याला दहा वर्षे साहाय्य देण्याचे कबूल केले होते. ती मुदत संपण्याआधीच रमाबाईंनी पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे जमीन घेतली, विहिरी खोदल्या, फळझाडे लावली. संस्था कायम दुसऱ्याच्या देणगीवर जगू नये, हा त्यामागचा हेतू होता. उरलेल्यावर जगण्याची तजवीज त्यांनी आधीच केली.

१८९६ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या शेकडो स्त्रिया व मुली घेऊन आल्या. १९०० च्या सुमारास गुजरातेतील दुष्काळपीडित मुलीही आल्या, आणि मुक्ती सदनातील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. भुकेलेल्यांना प्रथम अन्न दिले गेले, हे खरेच. याईराची मुलगी उठल्यावर तिला खावयास द्या, असे प्रभूनेही सांगितले होते (मार्क ५:४३). पण केडगावचे काम अन्नछत्रावर थांबले नाही. वाचन-लेखन, विणकाम, शिवण, शेती, दुग्धालय, तेलाची घाणी, छापखाना अशी कामे मुलींच्या हाती आली. अंध मुलींसाठी मनोरमाबाईंनी ब्रेल लिपीचे शिक्षण सुरू केले. रमाबाईंनी इब्री व ग्रीक शिकून साध्या मराठीत केलेले पवित्र शास्त्राचे भाषांतर १९२४ साली, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाले. त्याचे खिळे जुळवणे व छपाई मुक्तीच्या स्त्रियांनीच केली. एके काळी अक्षरओळख नसलेले हात शास्त्राची पाने जुळवीत होते! माझ्या व्यवसायातील कोणाही माणसाने हे वाचून नम्र व्हावे.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. १८९३ मध्ये शारदा सदनातील मुलींच्या धर्मांतरावरून मोठा वाद झाला. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या आणि सल्लागार मंडळातील थोर सुधारकांनी राजीनामे दिले. त्या वादाचे मूल्यमापन इतिहासकार करोत. आपल्यासाठी त्यातील सावधगिरी पुरे. गरजू स्त्री आपल्या दारी येते तेव्हा ती नाही म्हणू शकण्याच्या स्थितीत नसते. म्हणून मदतीला अट जोडू नये. आपली साक्ष आपल्या वागण्यातून तिला दिसो. भाकरीचे आमिष होऊ नये.

७. आजची भांडी

ह्या लेखाच्या आरंभी ज्या भगिनीचा उल्लेख केला, तिच्या शहरापासून लुधियाना फार दूर नाही. तेथे १८९४ साली डॉ. एडिथ ब्राउन यांनी ख्रिस्ती स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण देणारी शाळा काढली. तीच आजचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज. बाहेरून डॉक्टर आणून काम भागले असते. पण त्यांनी ह्याच देशातील स्त्रियांना शिकवण्याचा लांबचा मार्ग धरला.

इकडे सातारा जिल्ह्यातील म्हसवडला चेतना गाला सिन्हा यांनी ग्रामीण स्त्रियांसह १९९७ साली माणदेशी महिला बँक उभी केली. प्रवर्तक स्त्रिया निरक्षर असल्याच्या कारणाने प्रथम परवाना नाकारला गेला. त्या स्त्रिया लिहावाचावयास शिकल्या, पुन्हा गेल्या आणि परवाना घेऊन आल्या. ही ख्रिस्ती संस्था नव्हे. तरी अलीशाचा दुसरा प्रश्न तेथे विचारला गेला, हे आपण आनंदाने मान्य करावे. १९९२ पासून देशात बचतगटांना बँकांशी जोडण्याचे कामही चालू आहे. आपल्या मंडळ्यांतील निवृत्त बँक कर्मचारी, शिक्षिका, परिचारिका यांनी आठवड्याचा एक तास दिला, तर किती रिकामी भांडी उपलब्ध होतील!

प्रेषितांची कृत्ये ९:३६-४२ मधील दुर्कशीचे उदाहरणही घ्यावे. नव्या करारात 'शिष्या' असा स्त्रीलिंगी शब्द ग्रीकमध्ये केवळ तिच्याचसाठी आला आहे. ती मरण पावल्यावर विधवा रडत होत्या आणि तिने त्यांच्यामध्ये असताना शिवलेले कपडे दाखवीत होत्या. त्यांच्यामध्ये असताना, हे शब्द महत्त्वाचे आहेत. ती वर्षातून एकदा येऊन वाटप करून गेली नव्हती.

शेवटी आपल्या स्वतःच्या घराकडेही पाहू या. सलाफहादाच्या पाच मुली, महला, नोआ, होग्ला, मिल्का व तिरसा, मोशेसमोर उभ्या राहिल्या आणि बापाच्या वतनात वाटा मागितला. त्यांचे म्हणणे रास्त आहे असे देवाने सांगितले (गणना २७:१-७). १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याने ख्रिस्ती मुलगा व मुलगी यांना बापाच्या मिळकतीत सारखा वाटा दिला आहे. तरी बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेणारे भाऊ आपल्या मंडळ्यांत नाहीत काय? वस्तीतील मुलीला सायकल देणारा हात घरच्या मुलीचा वाटा राखत असेल, तर शेताचा कोपरा कापून नेणाऱ्या मालकाहून तो वेगळा नाही.

पत्राचे उत्तर

मग मी चंदीगडला उत्तर लिहिले. ते थोडक्यात असे : भगिनी, तुमची फसवणूक झालेली नाही. त्या बाईजवळ विकण्याजोगी एक वस्तू आली; ती तिने विकली, देणे चुकते केले आणि मुलीचे वर्ष वाचवले. जा, वीक, फेड, जग, ह्या चारही आज्ञा तिने कोणी न सांगता पाळल्या. स्वतः थंडी सोसून तिने मुलीला शिकवायचे ठरवले, यालाच शास्त्र 'हायिल' म्हणते. तिचे नाव यादीतून काढू नका. पण पुढच्या वेळी यादी करण्याआधी तिच्याकडे जाऊन बसा आणि तिला विचारा. ब्लँकेट अवश्य द्या, कारण थंडी खरी आहे. मात्र ते विकण्याची पाळी पुन्हा येऊ नये, यासाठी तिच्यासोबत वर्षभर चाला. तुमच्याच परिसरात इतके शिकवणीवर्ग आहेत. तिच्या मुलीला अभ्यासाला शांत जागा, पुस्तके आणि गणित समजावून देणारे कोणी मिळाले, तर हे तुमच्या गटाचे रिकामे भांडे ठरेल.

गेल्या महिन्यात त्यांचे दुसरे पत्र आले. त्या बाईकडे जाऊन बसल्यावर पहिले उत्तर आले ते असे : "माझा पगार माझ्याच हातात द्या, नवऱ्याच्या नको." गटातील दोन घरांत ती कामाला होती, आणि दोन्ही घरे पगार नवऱ्याकडे देत असत. आता देत नाहीत. पुढे काय करावे, हे त्या सर्व मिळून ठरवीत आहेत.

प्रिय वाचकहो, आपणही विचारावे. उत्तर ऐकून कदाचित आपल्यालाच बदलावे लागेल, ह्या तयारीने विचारावे. विधवेचा कैवार घेणारा देव आपणांस तशी नम्रता देवो.

मननासाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीच्या गेल्या वर्षीच्या मदतकार्यात घेणाऱ्या स्त्रियांना आधी काय विचारले गेले?

२. आपल्या घरी काम करणाऱ्या स्त्रीचे वेतन कोणाच्या हाती जाते? तिला आठवड्याची सुट्टी आहे काय?

३. 'सद्गुणी' ऐवजी 'सामर्थ्यवान' हा शब्द घालून नीतिसूत्रे ३१:१०-३१ पुन्हा वाचा. आपल्या मुलींविषयीच्या अपेक्षांत काय बदलते?

४. आपल्यापाशी असे कोणते रिकामे भांडे आहे, जे ह्या महिन्यात एखाद्या शेजारणीला देता येईल?